स्थलांतराचं धोरण सरकार कसं घडवतं? ऊसतोडीच्या तळावरून दिलेलं उत्तर

तुम्ही विचारलंय की स्थलांतरित मजुरांसाठी सरकार धोरण कसं ठरवतं, त्यासाठीच्या संस्था कशा उभ्या राहतात, आणि १९७९ पासून कायदा असताना २०२० साली लाखो माणसांना पायी का निघावं लागलं. प्रश्नाच्या शेवटी तुम्ही एक ओळ लिहिली आहे: तुमचे आईवडील बीड जिल्ह्यातून दर वर्षी ऊसतोडीला जातात. त्या ओळीमुळे हे उत्तर लांबणार आहे. मी कामगार खात्यात अठ्ठावीस वर्षं काढली, त्यातली निम्मी फिरतीवर. निवृत्त झाल्यापासून ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी चालणाऱ्या हंगामी वसतिगृहांच्या कामात आहे. त्यामुळे परीक्षेत लिहायचं उत्तर माझ्याकडून मिळणार नाही. मला जे दिसलं, ते सांगतो.

आधी एक प्रसंग. एका जिल्ह्यात कारखान्याजवळच्या माळावर साठेक कोयत्यांचा तळ पडला होता. कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी, हे तुम्हाला सांगायला नको, पण हे वाचणाऱ्या इतरांसाठी सांगतो. तळाला पाणी नव्हतं. मी ग्रामपंचायतीत गेलो. ते म्हणाले, ही माणसं आमच्या लोकसंख्येत नाहीत, आमची योजना गावापुरती आहे. कारखान्याच्या शेती खात्यात गेलो. ते म्हणाले, मजूर आमचे नाहीत, आमचा करार वाहतूकदाराशी आहे. वाहतूकदाराने मजूर गोळा करणाऱ्या मुकादमाकडे बोट दाखवलं आणि मुकादम म्हणाला, मी उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, दिली आहे, पाणी कारखान्याने द्यायचं. पंचायत समितीत कळलं की टँकर फक्त टंचाई जाहीर झालेल्या गावाला मिळतो. यातला एकही माणूस खोटं बोलत नव्हता. प्रत्येकाच्या कागदात त्याचं म्हणणं बरोबर होतं. शेवटी शेजारच्या एका शेतकऱ्याने आपल्या विहिरीवरून पाणी भरू दिलं आणि हंगाम पार पडला.

तुमच्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर या प्रसंगात आहे. आपली बहुतेक सगळी व्यवस्था पत्त्यावर उभी आहे. रेशन दुकान, शाळेचा पट, अंगणवाडी, मतदारयादी, रोजगार हमीचं जॉबकार्ड, घरकुल, जातीचा दाखला, सगळं एका गावाला बांधलेलं. माणूस गावातून उठला की हक्क मागे राहतात आणि तो एकटा पुढे जातो. म्हणून स्थलांतराच्या कुठल्याही धोरणाला मी तीन प्रश्न विचारतो. या माणसाची मोजणी कोण करतं? त्याच्यासाठीचा पैसा कोणाच्या खिशातून आणि कोणत्या हिशेबाने येतो? आणि कामाच्या ठिकाणी त्याचं गाऱ्हाणं ऐकायला कोण बांधील आहे?

राज्यघटनेत याची सोय नाही असं नाही. कलम १९ प्रमाणे देशात कुठेही जाण्याचा आणि कुठेही राहण्याचा हक्क आहे. सातव्या अनुसूचीतल्या केंद्राच्या यादीत ८१ व्या क्रमांकावर आंतरराज्य स्थलांतर हा विषय चक्क लिहिलेला आहे, आणि त्याच ओळीत आंतरराज्य विलगीकरणही आहे. २०२० मध्ये हे दोन्ही विषय एकाच वेळी रस्त्यावर आले. पण कामगार हा विषय समवर्ती यादीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांकडे. जमीन, पाणी, गावातली आरोग्य केंद्रं राज्याकडे. स्थलांतराचं एक खातं असं कुठेच नाही. ते पाच-सहा खात्यांच्या सांध्यांमध्ये पडतं, आणि सांध्यांची जबाबदारी कोणाच्याच वार्षिक अहवालात येत नाही.

आता १९७९ चा कायदा. त्याची मुळं ओडिशात आहेत. तिथे ‘दादन’ नावाची पद्धत होती. गावातला सरदार किंवा खातादार हातावर आगाऊ रक्कम ठेवायचा आणि माणसं गोळा करून दूरच्या धरणांवर, रस्त्यांच्या कामांवर न्यायचा. ठरलेली मजुरी मिळायची नाही, सुट्टी नाही, परत येण्याची मुभा नाही. आपल्याकडच्या उचलीची ही सख्खी बहीण. ओडिशाने १९७५ मध्ये स्वतःचा कायदा केला, पण राज्याची हद्द संपली की कायदाही संपायचा. मजूर बाहेर आणि कायदा घरात. मग १९७६ च्या कामगारमंत्र्यांच्या परिषदेत विषय आला, १९७७ मध्ये एक छोटी समिती बसली आणि त्यातून आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा १९७९ चा केंद्रीय कायदा झाला. धोरण घडण्याची ही नेहमीची वाट आहे. एका राज्यातलं दुखणं वर जातं, समिती बसते, कायदा होतो. समितीतल्या लोकांनी मन लावून काम केलं होतं, हे कायदा वाचताना जाणवतं.

त्यात काय नव्हतं? पाच किंवा जास्त परराज्यातले मजूर असतील तर आस्थापनेची नोंदणी आणि ठेकेदाराला परवाना. परवाना मजूर ज्या राज्यातून उचलले तिथलाही आणि ज्या राज्यात कामाला लावले तिथलाही. प्रत्येक मजुराला फोटो लावलेलं पासबुक, त्यात कामाचा काळ, मजुरीचा दर, दिलेली उचल. घर सोडल्याबद्दल विस्थापन भत्ता, महिन्याच्या मजुरीच्या निम्मा किंवा ७५ रुपये, यातलं जे जास्त असेल ते. जाण्यायेण्याचा खर्च आणि प्रवासातल्या दिवसांची मजुरी. राहायला जागा, फुकट औषधोपचार. आजही एखाद्या मजुराला हे वाचून दाखवलं तर त्याला हे आपल्याबद्दल लिहिलंय असं वाटणार नाही.

हा कायदा का चालला नाही? नोंदणी ज्याने करायची, त्याचंच त्यात नुकसान होतं. ठेकेदाराने खरं सांगितलं की भत्ता, प्रवासखर्च, पासबुक, तपासणी सगळं मागे लागतं. न सांगितलं तर काहीच नाही. मी साइटवर जायचो तेव्हा एकच वाक्य ठरलेलं असायचं, “साहेब, ही माणसं आपली आपण आली आहेत.” कायदा ठेकेदारामार्फत आणलेल्या मजुरांनाच लागू होता, त्यामुळे या एका वाक्यावर सगळं प्रकरण बंद व्हायचं. मजुराला विचारावं तर तो ठेकेदाराच्या तोंडाकडे बघायचा, कारण त्याच्या गावाकडचं कर्ज त्याच माणसाच्या वहीत होतं. मी पूर्ण भरलेलं पासबुक माझ्या नोकरीत एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच वेळा पाहिलं. याची लाज वाटते. अधिकारी कमी होते, गाडी नव्हती, इतर वीस कायद्यांचं काम होतं, हे सगळं खरं आहे. पण मजुराला त्याचा काय उपयोग?

यावरून एक गोष्ट माझ्या मनात पक्की झाली. ज्याच्या हातात माहिती आहे त्याला ती लपवण्यात फायदा असेल, तर कायदा कितीही चांगला लिहिला तरी त्याची नोंदवही कोरी राहते. २४ मार्च २०२० च्या रात्री देश बंद झाला तेव्हा ही कोरी वही उघडी पडली. कोणत्या शहरात कोणत्या राज्याचे किती मजूर आहेत, हे सांगू शकेल असं एकही कार्यालय नव्हतं. आम्ही जुने-नवे अधिकारी फोनवर बसलो होतो. ठेकेदारांचे फोन बंद होते आणि मजुरांचे फोन चार्जिंग नसल्याने बंद होते. श्रमिक रेल्वे १ मे ला सुरू झाल्या. ८ मे च्या पहाटे जालन्याहून पायी निघालेले, रुळांवर झोपलेले मध्य प्रदेशातले १६ मजूर करमाडजवळ मालगाडीखाली गेले. रुळांवर विखुरलेल्या भाकरींचा फोटो तुम्हीही पाहिला असेल. ते लोखंडाच्या कारखान्यात काम करत होते, म्हणजे कुठल्या तरी हजेरीपत्रकावर त्यांची नावं असायलाच हवी होती.

पुढचे आकडे सरकारचेच आहेत. ४,६२१ श्रमिक रेल्वेंतून सुमारे ६३ लाख माणसं घरी गेली. सप्टेंबर २०२० मध्ये संसदेत सांगितलं गेलं की एक कोटी चार लाखांहून अधिक मजूर आपापल्या राज्यांत परतले. हे सगळं माणसं गेल्यानंतर मोजलेलं.

धक्का बसला की संस्था कशी जन्मते, ते यानंतरच्या दीड वर्षात बघायला मिळालं. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२० मध्ये स्वतःहून दखल घेतली आणि २९ जून २०२१ ला निकाल देताना तारखा घालून दिल्या: असंघटित कामगारांच्या नोंदणीचं पोर्टल ३१ जुलैपर्यंत, सगळ्या राज्यांत ‘एक देश एक रेशन कार्ड’ ३१ जुलैपर्यंत. ई-श्रम पोर्टल २६ ऑगस्ट २०२१ ला सुरू झालं आणि आता त्यावर ३० कोटींहून अधिक नोंदी आहेत. माझ्या मते ई-श्रमचं खरं काम अजून पुढेच आहे. नोंद एकदा होते, माणूस मात्र दर हंगामाला हलतो. बीडच्या पत्त्यावर नोंदलेली बाई जानेवारीत कराडजवळच्या तळावर आहे, हे त्या नोंदीतून कळत नाही. आणि नोंदणीने हातात काय पडलं, असं तिने विचारलं तर सांगायला फार थोडं आहे.

रेशन कार्डाचं मात्र मी मनापासून कौतुक करतो. या सगळ्या काळातली ती सर्वांत शहाणी सुधारणा आहे, आणि तिची सुरुवात महासाथीच्या आधीची आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये महाराष्ट्र-गुजरात आणि आंध्र-तेलंगणा अशा दोन जोड्यांत प्रयोग झाला, जून २०२२ मध्ये आसाम आल्यावर सगळी राज्यं पूर्ण झाली. दुकानातल्या मशीनवर अंगठा लावला की कार्ड कुठलंही असो, धान्य मिळतं. घरच्यांनी गावात काही किलो उचलले आणि तुम्ही कामाच्या ठिकाणी उरलेले, असंही चालतं. इथे ठेकेदाराला काही सांगावं लागत नाही, मालकाची सही लागत नाही. हक्क मजुराच्या बोटाबरोबर प्रवास करतो. म्हणून हे चाललं.

तरी तळावर अडचण उरतेच. दुकानदाराकडे त्या महिन्याचा साठा गावाच्या कार्डांच्या हिशेबाने आलेला असतो. दोनशे कोयते अचानक गावाशेजारी उतरले तर तो म्हणतो, आधी गावाला. तळ फाट्यापासून चार किलोमीटर आत असतो आणि दुकान उघडं असतं तेव्हा माणसं फडात, म्हणजे उसाच्या शेतात, असतात. यावर कायदा बदलण्याची गरज नाही. गाळप सुरू होण्याआधी कारखान्याने तळांची यादी तहसीलच्या पुरवठा शाखेला दिली आणि त्या दुकानांना जादा साठा मिळाला, एवढ्याने काम होईल.

आता आपल्या घरच्या संस्थांकडे येतो. स्थलांतरावर अभ्यास करणारे केंद्रीय कायद्यांबद्दल लिहितात आणि महाराष्ट्राने ५० वर्षांपूर्वी केलेलं काम विसरतात, याचं मला वाईट वाटतं.

पहिलं म्हणजे माथाडी मंडळ. सातारा, सांगली, जुन्नर, मावळ इकडची पोरं मुंबईत मशीद बंदरला, गोदीत, दाणाबंदरात पाठीवर पोती वाहायला गेली. एकेक माणूस दिवसात पाच व्यापाऱ्यांचा माल उतरवायचा. मग मालक कोण? कोणीच नाही. अण्णासाहेब पाटलांनी या माणसांची संघटना बांधली आणि १९६९ मध्ये माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा झाला. त्यातली युक्ती बघा. मालक शोधत बसण्याऐवजी मालक आणि कामगार यांच्या मधे एक मंडळ बसवलं. त्यात व्यापारी, कामगार आणि सरकार तिघांचे प्रतिनिधी. हमालांच्या टोळ्यांची मंडळात नोंदणी. व्यापाऱ्याने मजुरी मंडळात भरायची आणि तिच्यावर ठरलेल्या टक्क्यांनी लेव्ही भरायची. मंडळ मजुराला मजुरी देतं आणि लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, रजेचा पगार, औषधोपचार भागवतं. बाजार मुंबईतून वाशी-तुर्भ्याला गेला तेव्हा संस्थाही त्यांच्याबरोबर गेली. कोपरखैरणे, घणसोलीत माथाडींची घरं उभी राहिली. गावाकडून आलेल्या, एक मालक नसलेल्या माणसाला निवृत्तीनंतर निधी मिळू शकतो, हे इथे सिद्ध झालं. पुढे १९८१ मध्ये याच धर्तीवर सुरक्षा रक्षकांसाठी कायदा झाला.

माथाडी मंडळाचे दोषही मी जवळून पाहिले आहेत. नोंदणी हळूहळू बंद दारासारखी झाली. बापाच्या जागी मुलगा आला, पण उत्तर प्रदेश-बिहारहून आलेला नवा हमाल दाराबाहेर, नोंद नसलेल्या टोळीत कमी मजुरीवर राहिला. माथाडीच्या नावाने कारखानदारांकडून पैसे उकळणारेही निघाले. संस्था एकदा उभी राहिली की ती आत असलेल्यांची होते. पुढच्या येणाऱ्यांसाठी तिचं दार कोण उघडं ठेवणार, हे कायद्यातच लिहून ठेवावं लागतं.

दुसरी संस्था रोजगार हमी योजना. १९७२ च्या दुष्काळात माणसं गावं सोडून निघाली होती. वि. स. पागे यांनी मांडलेली कल्पना, कामाची हमी गावाजवळच, त्या वेळी राज्यभर वाढली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. तिच्या पैशाची सोय मला फार महत्त्वाची वाटते. शहरातल्या नोकरदारांच्या पगारातून व्यवसाय कर घ्यायचा आणि तेवढीच भर सरकारने घालायची. अर्थसंकल्पात उरलं तर द्यायचं, असं नव्हतं. मुंबईतल्या कारकुनाच्या पगारातून मराठवाड्यातल्या बाईच्या हजेरीपत्रकाला पैसे जात होते. पुढे देशाने २००५ मध्ये हीच कल्पना उचलली.

पण रोजगार हमी माणसाला गावात थांबवण्याचं धोरण आहे. जे जाणारच आहेत, त्यांचं ती काही करू शकत नाही. आणि माणसं जातातच. दसऱ्याच्या सुमाराला मुकादम जोडीमागे लाखभर किंवा त्याहून जास्त उचल एकदम हातात ठेवतो. त्यातून मुलीचं लग्न होतं, दवाखाना होतो, जुनं कर्ज फिटतं. पंधरवड्याने खात्यात येणारी रोजंदारी त्या उचलीशी बरोबरी करू शकत नाही. स्थलांतर थांबवू, असं भाषणात म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा दुष्काळी गावात बसून करावा.

इथे तुमच्या आईवडिलांचा विषय येतो. १९७९ चा कायदा आंतरराज्य मजुरांसाठी होता. बीडहून कोल्हापूरला गेलेली जोडी शेकडो किलोमीटर लांब गेली तरी त्याच राज्यात राहिली, म्हणून कायद्याच्या बाहेर. तीच जोडी थोडी पुढे, बेळगाव किंवा बागलकोटच्या कारखान्याला गेली की कायद्याच्या आत. तोड तीच, कोयता तोच, पाचटाची कोपी तीच.

त्यांच्यासाठी आज जी संस्था आहे ती गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ. तिची आर्थिक रचना चांगली आहे: कारखान्याने गाळलेल्या दर टनामागे १० रुपये द्यायचे आणि तेवढीच भर सरकारने घालायची. राज्यात दहा कोटी टन गाळप झालं तर कारखान्यांचे १०० कोटी आणि सरकारचे १००. टन लपवणं अवघड, ते काट्यावर मोजले जातात, म्हणून हा पाया माणसं मोजण्यापेक्षा भक्कम आहे. माथाडी लेव्हीची आणि व्यवसाय कराची शिकवण इथे उपयोगी पडली. ग्रामसेवकांमार्फत नोंदणी, ओळखपत्र, आणि संत भगवानबाबा वसतिगृह योजनेत ४१ तालुक्यांत मुला-मुलींची मिळून ८२ वसतिगृहं, असं कामही ठरलं.

माझा आक्षेप एकच आहे आणि तो मी ठिकठिकाणी मांडला आहे. हे महामंडळ सामाजिक न्याय विभागाकडे आहे. त्या विभागातले अनेक अधिकारी तळमळीने काम करतात, हे मी पाहतो. पण तिथे ऊसतोड मजूर लाभार्थी होतो. त्याला वसतिगृह मिळेल, विमा मिळेल. ‘माझा मालक कोण’ या प्रश्नाचं उत्तर तिथे मिळत नाही, कारण तो प्रश्न कामगार कायद्याचा आहे. कारखाना, वाहतूकदार, मुकादम, मजूर या साखळीत सगळा नफा वर जातो आणि सगळी जोखीम खाली येते. मुकादम पैसे घेऊन पळाला तर कारखाना वाहतूकदाराला धरतो. मजुराची जोडी पळाली तर मुकादम तिच्या पोराला किंवा बैलाला धरतो. तोडणीचा दर साखर कारखान्यांचा संघ आणि मजुरांच्या संघटना यांच्यातल्या करारात ठरतो. जानेवारी २०२४ मध्ये ३४ टक्के वाढ झाली, ती संपाचा इशारा आणि नेत्यांची मध्यस्थी यांतून. दर ठरला तरी तो प्रत्यक्ष त्या जोडीच्या हाती पडला का, हे तपासणारं कोणीच नाही. माथाडीसारखं मंडळ, जिथे कारखाना तोडणीचे पैसे भरेल आणि मंडळ थेट मजुराच्या, म्हणजे नवरा आणि बायको दोघांच्या वेगवेगळ्या खात्यात टाकेल, याची मागणी जुनी आहे. आज बायकोचं नाव उचलीच्या कागदावरसुद्धा नसतं. अर्ध्या कोयत्याची मजुरी तिची, पण ती मजूर म्हणून कुठेच लिहिलेली नाही.

नाव नसण्याचा परिणाम काय होतो ते २०१९ मध्ये सगळ्यांना दिसलं. बीड जिल्ह्यात ऊसतोडीला जाणाऱ्या ८२,३०९ बायकांची पाहणी झाली आणि त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. फडावर न्हाणीघर नाही, पाळीच्या दिवसांत सुट्टी नाही, खाडा पडला की दंड, अंगावरचं दुखणं वाढत जाणार आणि गावाकडचा खासगी डॉक्टर म्हणणार, पिशवी काढून टाका. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती झाली, हंगामाच्या आधी आणि नंतर आरोग्य तपासणी व्हावी असं ठरलं. पण आधीच्या सगळ्या वर्षांत हा आकडा कोणालाच का दिसला नाही? उन्हाळ्यात ती बाई बीडच्या नोंदीत असायची, हिवाळ्यात सोलापूरच्या फडावर, आणि दोन्ही जिल्ह्यांच्या आरोग्य नोंदी एकमेकांशी बोलत नव्हत्या.

मुलांच्या बाबतीत एक छोटी, चांगली गोष्ट आहे. कारखान्यांजवळच्या साखरशाळा आल्या आणि बऱ्याचशा गेल्या. हंगामी वसतिगृहं राहिली, तिथे मूल गावातच आजीआजोबांजवळ राहतं आणि जेवण शाळेमार्फत होतं. आणि शिक्षण हमी पत्रक आलं. मूल गाव सोडताना शाळेने त्याच्या हातात एक कागद द्यायचा, त्यावर इयत्ता आणि प्रगती लिहायची, नव्या गावच्या शाळेने दाखल्यासाठी न अडवता त्याला बसवून घ्यायचं. रेशन कार्डासारखाच प्रवास करणारा हक्क. मी कारखान्याजवळच्या एका शाळेत विचारलं तेव्हा मुख्याध्यापिकेने टेबलाच्या खणातून अशी सतरा पत्रकं काढून दाखवली, तारखेवार लावलेली. कुठलाही मोठा आदेश वाचून मला एवढं बरं वाटलं नव्हतं.

बाहेरच्या राज्यांपैकी केरळबद्दल थोडक्यात सांगतो. तिथल्या घराघरातली माणसं आखातात आहेत, म्हणून परदेशी गेलेल्या मल्याळी लोकांसाठी त्यांनी १९९६ मध्येच नॉर्का हे वेगळं खातं केलं. बाहेरून मजूर येऊ लागले तेव्हा २०१० मध्ये त्यांच्यासाठी कल्याण योजना आणि २०१७ मध्ये ‘आवाज’ नावाची विमा योजना केली. मजुरांची टंचाई असल्याने ते त्यांना जपतात, असं म्हणता येईल, आणि ते खरंही आहे. पण आपलं माणूस परक्या मुलखात कसं राहतं, याची आठवण घरोघरी असल्याचाही त्यात वाटा आहे. परदेशी जाणाऱ्यांसाठीच्या १९८३ च्या कायद्यातली एक तरतूद मला नेहमी उचलून आणावीशी वाटते. रत्नागिरीच्या पोराला आखातात पाठवणाऱ्या मोठ्या एजंटला परवान्यासाठी ५० लाखांची बँक गॅरंटी द्यावी लागते. माणूस अडकला तर त्याला परत आणायचा खर्च त्यातून वसूल करता येतो. परदेशाच्या एजंटसाठी हे जमतं, तर शेकडो जोड्या नेणाऱ्या वाहतूकदारासाठी का जमू नये?

आता नव्या कामगार संहितेबद्दल. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता २०२० ची, लागू झाली २१ नोव्हेंबर २०२५ ला. १९७९ चा कायदा तिच्यात विरघळला. चांगला बदल म्हणजे आपला आपण आलेला मजूरही आता व्याख्येत आहे, त्यामुळे “आपली आपण आली आहेत” हे वाक्य संपलं. वाईट बदल म्हणजे पाचाची मर्यादा दहावर गेली. आणि राज्याच्या आतला मजूर अजूनही बाहेरच. २०१७ मध्ये केंद्राच्या गृहनिर्माण व शहरी गरिबी निर्मूलन मंत्रालयाच्या कार्यगटाने सांगितलं होतं की स्थलांतरितांसाठी वेगळा कप्पा करण्यापेक्षा सगळ्या योजनांमधली मूळ रहिवासाची अट काढा. तो अहवाल मी अजूनही जवळ ठेवतो. ते ऐकलं असतं तर राज्याच्या आतला आणि बाहेरचा हा भेदच उरला नसता.

तुम्ही या विषयावर प्रबंध लिहिणार असाल, तर सुरुवात दिल्लीच्या कायद्यांपासून करू नका. तुमच्या गावातले किती कोयते कोणत्या कारखान्याला गेले, कोणत्या मुकादमाकडून, किती उचलीवर, याची एक वही करा. ग्रामपंचायतीकडे तशी यादी आहे का ते बघा, आणि तुमची वही तिच्याशी ताडून पाहा. आणि घरच्यासाठी, या दसऱ्याच्या आधी: आईवडील दोघांचंही ऊसतोड कामगार म्हणून ओळखपत्र ग्रामपंचायतीतून करून घ्या, आईचं वेगळं. लहान भावंडं बरोबर जाणार असतील तर शाळेतून शिक्षण हमी पत्रक मागून घ्या, ते आपोआप देत नाहीत. रेशनचं आधार जोडलेलं आहे का ते गावच्या दुकानात एकदा अंगठा लावून पाहा, कारण फडावर गेल्यावर दुरुस्ती होत नाही. उचलीचा आकडा, तारीख आणि मुकादमाचं नाव साध्या कागदावर लिहून त्याची सही घ्या, त्याचा फोटो तुमच्या फोनमध्ये ठेवा. सही द्यायला त्याने नकार दिला तर मला कळवा. माझ्याकडे जुन्या कराराच्या दरपत्रकाची प्रत आहे, ती घेऊन मी तुमच्या गावी येईन.